दाणा मजुरीचा, पाला रानाचा

आमच्या सिरोंचा तालुक्यात मेंढपाळाच्या घरी धान्य यायचे ते मजुरी म्हणून. सुगी उरकून वावरे मोकळी झाली की शेतकरी मेंढपाळाला निरोप धाडायचा आणि आपल्या शेतात मेंढरे बसवून घ्यायचा. कळप रात्रभर एका पट्ट्यात बसला की लेंडी आणि मूत जागच्या जागी जमिनीत मुरायचे. दुसऱ्या रात्री बसण्याची जागा थोडी पुढे सरकायची. असे करत सगळे वावर खतवून झाले की हिशेब व्हायचा, आणि तो पैशात नव्हे, पायलीने मोजून ज्वारीत किंवा धानात. ती ज्वारी मेंढपाळाच्या घरच्या जात्यात जायची. मेंढीच्या तोंडात त्यातली मूठही पडत नसे, आणि पडू नये म्हणून घरातली बाईमाणसे डोळ्यांत तेल घालून जपत.

हे आधी सांगतो, कारण मला हल्ली नेमका उलटा प्रश्न विचारतात. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. निवृत्त झालो तरी गावाला मी डॉक्टरच. कुणी अंकिशाहून फोन करतो, कुणी आसरअल्लीहून. "डॉक्टरसाहेब, चार मेंढ्या अन् सात-आठ बकऱ्या एकाच कोठ्यात बांधतो. दाणा किती टाकू?" मी उत्तर देतो, ते पुढे सांगतोच. पण दोन पिढ्यांमागे हा प्रश्न या मुलखात कुणी विचारला नसता. दाणा माणसाचा आणि पाला जनावराचा, ही वाटणी तेव्हा पक्की होती. ती कशी मोडली, हे मला लिहून ठेवायचे आहे.

सिरोंचा प्राणहितेच्या डाव्या काठावर आहे. थोडे खाली गेले की प्राणहिता गोदावरीला मिळते, समोर कालेश्वरम. आणखी पुढे सोमनूरजवळ इंद्रावती येते. तीन नद्यांच्या या बेचक्यावर कुणाचे राज्य, हे वारंवार बदलत आले. १८६० च्या डिसेंबरात झालेल्या तहात निजामाने डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला. अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा. तिथले डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांचे नाव तालुक्यातल्या ग्लासफोर्डपेठा या गावाला अजून चिकटून आहे. गोदावरीतून वर बोटी आणायच्या म्हणून खडकाळ टप्प्यांच्या बगलेने कालवे खणण्याचे मोठे काम तेव्हा चालले होते. १८७१ च्या सुमारास ते सोडून दिले. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली जिल्हा. या सगळ्या काळात मेंढपाळ मात्र पाणी आणि गवत पाहून चालत राहिला. माझे आजोबा, आम्ही त्यांना ताता म्हणायचो, सांगायचे की उन्हाळ्याआधी प्राणहितेचे पात्र उघडे पडले की कळप पलीकडे निजामाच्या हद्दीत न्यायचे आणि पावसाच्या आत परत आणायचे. पलीकडे सोयरे, भाषा तीच, देवही तेच, बिरप्पा आणि मल्लन्ना. ओग्गु कथा सांगणारे डमरू-ढोल घेऊन दोन्ही काठांवर फिरायचे.

आम्हा कुरमार लोकांची लेखी नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरच्या चार खंडी ग्रंथात आहे. तो १९१६ मध्ये निघाला. त्यात 'कुरमवार' या नावाखाली दक्षिणेकडून आलेल्या मेंढपाळांची माहिती आहे. सगळ्या मध्यप्रांतात ही जात फक्त चांदा जिल्ह्यात राहते आणि १९११ साली तिची संख्या सुमारे चार हजार होती, असे त्यात म्हटले आहे. त्यांचे मूळ थेट पल्लव राजांशी जोडणारे मतही रसेलने दिले आहे. मला स्वतःला राजघराण्यात फारसा रस नाही. एका सरकारी अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी हे लोक इथे आहेत आणि मेंढ्या राखतात असे लिहून ठेवले, हे मला जास्त मोलाचे वाटते. का, ते पुढे येईल.

तातांच्या कळपात मेंढ्या काळ्या, आखूड आणि राठ लोकरीच्या. त्यांची लोकर कातरून घोंगडी विणायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. कळपात थोड्या बकऱ्या असायच्याच, आणि त्या हौसेने ठेवलेल्या नसत. बकरी धीट, नाल्यात आधी पाय घालते, मग मेंढरे मागे जातात. आई मेलेल्या किंवा आईला दूध नसलेल्या कोकराला बकरीखाली लावता येते. घरच्या चहाला, लेकराला दूध तिचेच. म्हणजे आज ज्याला लोक 'एकत्र पालन' म्हणतात ते आमच्याकडे जुनेच आहे. रानात त्यांचे भांडणही नसे. मेंढी मान खाली घालून गवत ओरबाडते. बकरी मान वर करून पाला, शेंगा, काटेरी डहाळ्या निवडून खाते. जे एकीचे ते सहसा दुसरीचे नसे. एकाच वाटेने चालून दोघींचे पोट वेगवेगळ्या उंचीवर भरायचे.

दाणा कुणालाच मिळत नसे असे नाही. तीन जणांना मिळायचा. पहिली नुकती व्यालेली मेंढी. अव्वा, म्हणजे आजी, तिच्यासाठी ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील कोमट करायची आणि त्यात गुळाचा खडा टाकायची. दोन-चार दिवस, तेही घोटभर. दुसरा टकरीचा मेंढा. संक्रांतीच्या सुमारास मेंढ्यांच्या टकरी लागायच्या. त्या मेंढ्याला महिनाभर आधीपासून भिजवलेला हरभरा सुरू करायचे, पहिल्या दिवशी चार दाणे, मग चिमूट, मग ओंजळ. तिसरा देवाला बोललेला बोकड. त्याला घरातले सगळेच काही ना काही चारायचे. या तिघांतला समान धागा असा की प्रत्येकाला वेगळे बांधून, हाताने, मोजून खाऊ घातले जाई. कळपापुढे दाणा ओतणे ही कल्पनाच नव्हती.

त्यामागे गरिबी होती, हे उघड आहे. पण भीतीही होती, आणि ती अनुभवातून आलेली. कापणीनंतर खळ्यावर ज्वारीची कणसे मळून रास पडलेली असायची. राखणदाराचा डोळा लागला आणि मेंढरे खळ्यात शिरली तर सकाळी त्यांतली काही उठत नसत. लक्षणे तातांना पाठ होती आणि पुढे नोकरीत मी तीच पुन्हा पुन्हा पाहिली. जनावर रवंथ थांबवते, दात खाते, डावी कूस तट्ट होते आणि हलवली तर आत पाणी डुचमळते. मग आंबट वासाची पातळ हगवण लागते, पाय लटपटतात, डोळे आत जातात. ताता अशा मेंढीला पाणी पिऊ देत नसत. पुढ्यात फक्त कोरडे तणस टाकायचे, जवसाचे तेल पाजायचे आणि जमेल तेवढे चालवायचे.

पाणी का तोडायचे, हे मला नोकरीत आल्यावर पुस्तकातून कळले. मेंढी-बकरीच्या मोठ्या पोटात, कोठीपोटात, अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. पाला, तणस, कडबा पचवण्याची त्यांची घडी बसलेली असते. अचानक भरपूर पिष्ट आत गेले तर ही घडी मोडते. पिष्टावर झपाट्याने वाढणारे जंतू माजतात, लॅक्टिक आम्ल साचते, आणि एरवी सहा ते सात असलेला सामू साडेपाचाच्या, कधी पाचाच्याही खाली जातो. मग चारा पचवणारे जंतू मरतात. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मेंढ्यांच्या कोठीपोटातली ही उलथापालथ दाखवून दिली. साचलेले आम्ल शरीरातले पाणी पोटात ओढून घेते. पोट पाण्याने भरलेले आणि रक्त मात्र आटलेले, अशी अवस्था होते. भरपूर दाणा खाल्लेल्या जनावराला पहिल्या काही तासांत मनसोक्त पाणी पाजले तर बिघाड वाढतो. खळ्याकाठी उभे राहून ताता जे शिकले होते ते प्रयोगशाळेतून सिद्ध झालेले पाहून मला जो आनंद झाला तो मी विसरलेलो नाही.

मग वाटणी मोडली कशी? माझे उत्तर एका शब्दात आहे, जंगल. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात 'गुरे' म्हणून मेंढ्या, बकऱ्या आणि करडेही धरली आहेत. म्हणजे तेव्हापासून तीही कोंडवाड्यात जाऊ लागली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगल वेगळे काढले, १८९४ च्या वन धोरणाने चराईवर बंधने घातली आणि १९२७ च्या कायद्याने ती पक्की केली. अहेरीची जमीनदारी चांद्यातली सर्वांत मोठी. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या आणि तिथले रानही सरकारकडे आले. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले, सागाच्या लागवडी वाढल्या आणि कोवळ्या रोपांच्या पट्ट्यांत कळपाला मज्जाव झाला.

बकरी रोपांचे शेंडे खाते, हे मी पशुवैद्यक खात्याचा माणूस म्हणून नाकारणार नाही. लागवडीत बकरी सोडणे चूकच. पण कायदा लिहिणाऱ्यांनी मेंढी आणि बकरी यांना एकाच दावणीला बांधले. गवत खाणाऱ्या मेंढीला बकरीच्या तोंडाची शिक्षा झाली. वाटा, पाणवठे, मुक्कामाची ठिकाणे कुणी नोंदवली नाहीत. त्यामुळे रान बंद झाले तेव्हा ती आमची होती हे दाखवायला कागद नव्हता.

कागद मिळवण्याची सोय २००६ च्या वन हक्क कायद्याने केली आहे. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा आणि भटक्या, पशुपालक समाजांना हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. अनुसूचित जमातीबाहेरच्या लोकांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनावर अवलंबून राहत असल्याचे दाखवावे लागते. २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, सेटलमेंटचे अहवाल अशी सरकारी कागदपत्रे चालतात असे म्हटले आहे. रसेलची ती नोंद मला मोलाची वाटते ती यासाठी. १९११ ते २००५ हे अंतर ७५ वर्षांहून अधिक आहे. ती एकटी नोंद पुरेशी होईल असे मी म्हणत नाही. गावागावांतल्या म्हाताऱ्यांचे जबाब, वाटांचे नकाशे हवेतच. पण कुरमार पोरांनी तालुक्याच्या कचेरीत जाताना त्या पानाची प्रत खिशात ठेवावी, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

नदीकाठ उरला होता, तोही आकसला. २१ जून २०१९ रोजी गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन झाले आणि फुगवट्याचे पाणी आमच्या काठाला येऊन उभे राहिले. जुलै २०२२ च्या पुरात कितीतरी गावांची शेते पाण्याखाली गेली. पूर्वी उन्हाळ्यात उघडी पडणारी वाळू, त्यामागचे हिरवे पट्टे, तिथेच मेंढरे वैशाख काढायची. पलीकडच्या तेलंगणात २०१७ मध्ये सरकारने ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक मेंढा देण्याची योजना सुरू केली. आमच्या सोयऱ्यांकडे ट्रकांतून बिनलोकरीच्या, उंच मेंढ्या आल्या. इकडेही तीच जनावरे दिसू लागली. घोंगडी विणणारे हात रिकामे झाले आणि मेंढी मांसासाठी दारात बांधून वाढवायची वस्तू झाली.

आणि दारात धान्य होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा तांदूळ, जानेवारी २०२३ पासून तर मोफत, अंत्योदयाच्या घराला महिन्याला ३५ किलो धान्य. उपाशी माणसाच्या घरात तांदूळ आला ही या काळातली मोठी गोष्ट आहे, आणि त्याबद्दल मी कधीच वावगे बोलणार नाही. पण ज्या घरी खाणारी तोंडे कमी तिथे मूठभर तांदूळ, लग्नातला उरलेला भात, गिरणीवरचा कोंडा कोठ्याकडे वळला. अव्वाच्या आंबिलीमागचे मोजमाप मात्र त्याबरोबर आले नाही. जनावर उपाशी आहे, आपल्याकडे भात आहे, तर घालावा, ही माया आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भाताच्या पातेल्याभोवती मेलेल्या बकऱ्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मालकिणी रडताना पाहिल्या आहेत. त्या मायेला मोजमाप देणे एवढेच माझे काम आहे.

फोनवर मी काय सांगतो ते इथे लिहितो. आधी कोरडा चारा, तणस, कुटार, झाडपाला. पोट अर्धे भरल्यावर दाणा. ज्याला दाण्याची सवय नाही त्याला रोज ५० ग्रॅमपासून सुरुवात करायची आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यायचे. मोठ्या जनावरालाही दिवसाकाठी पाव किलो पुरे, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. अखंड किंवा जाडसर भरडलेला द्यावा. पीठ देऊ नये, शिजलेला भात तर नकोच. मेंढी-बकरी चांगली चावते, आणि दाणा जितका बारीक तितके आम्ल लवकर तयार होते.

एकत्र बांधलेल्या कळपात खरी अडचण वाटपाची. "दहा जनावरे, एक किलो दाणा, म्हणजे प्रत्येकी शंभर ग्रॅम" हा हिशेब वहीत बरोबर, गव्हाणीत खोटा. रानात वेगवेगळ्या उंचीवर खाणाऱ्या दोघी इथे एकाच पात्रावर येतात. शिंगांची बकरी मेंढीला ढुशी देते, मेंढी गपागप गिळते, आणि सगळ्यांत दांडगे जनावर चौघांचे खाते. त्यामुळे बाधा होते ती दांडग्याला आणि उपाशी राहते ते दुबळे. गव्हाण लांब करा, सगळ्यांची तोंडे एकाच वेळी मावतील एवढी. ते जमत नसेल तर मेंढ्या एका बाजूला, बकऱ्या दुसऱ्या बाजूला बांधा आणि दाणा संपेपर्यंत सोडू नका. टकरीच्या मेंढ्याला वेगळे बांधायची जुनी रीत हेच सांगत होती.

कोंड्याबद्दल वेगळे सांगावे लागते. त्यात स्फुरद भरपूर आणि चुना अगदी थोडा. खच्ची केलेल्या बोकडाला किंवा मेंढ्याला रोज कोंडा घातला तर मूत्रमार्गात खडे धरतात. जनावर कुंथते, थेंबथेंब मुतते, मग तेही बंद. चुना स्फुरदाच्या दुप्पट असावा, हे साधे प्रमाण. शेंगवर्गी पाला दिला तर ते बरेचसे साधते, आणि पाणी स्वच्छ व भरपूर हवे. दुसरी गोष्ट खनिज मिश्रणाची. गायी-बकऱ्यांसाठीच्या पुड्यांत तांबे असते. बकरीला ते लागते आणि मानवते, मेंढीच्या यकृतात मात्र साचत जाते. तिच्या आहारात किलोमागे १५ मिलिग्रॅमहून अधिक तांबे धोक्याचे. महिनोन्‌महिने काही दिसत नाही, आणि एके दिवशी डोळे पिवळे, मूत तांबडे होऊन ती आडवी होते. एकत्र कळपात मिश्रण मेंढीचेच आणा आणि बकऱ्यांना वेगळे चाटण द्या.

शेवटचे आंत्रविषाराबद्दल. हा रोग सहसा दुबळ्याला होत नाही. दाणा आणि दूध भरपूर मिळालेले, कळपातले सगळ्यांत टंच कोकरू रात्री ठणठणीत असते आणि सकाळी मेलेले सापडते. लोक म्हणतात दृष्ट लागली. आतड्यातला एक जंतू पिष्टावर पोसून विष तयार करतो, एवढेच त्याचे कारण. याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये टोचून घ्यायची. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा, मग दर वर्षी एक. मेंढ्या आणि बकऱ्या दोघींना एकाच दिवशी टोचा. मृगाच्या आधी रस्ते कोरडे असतात तोवर झिंगानूर, पातागुडमसारख्या आतल्या गावांनीही जनावरे एका जागी गोळा करून ठेवावीत, म्हणजे टोचणाऱ्याची एकच फेरी पुरते.